पुरुषांची रोगप्रतिकारशक्ती : आहार, विहार आणि दिनचर्या

॥ श्री ॥



उत्सवांच्या सूचनांबरोबरच भाविकांच्या उपयोगी पडेल अशी माहिती या पृष्ठांवर देण्याचा आमचा प्रघात आहे. प्रस्तुत लेख विशेषकरून पुरुष सेवेकऱ्यांसाठी लिहिला आहे. आपल्या इंदूरच्या मंदिरात पालखी खांद्यावर घेणारे, मांडव उभारणारे, सप्ताहात रात्री वीणेच्या पहाऱ्यास उभे राहणारे बहुतेक पुरुष आता पन्नाशीच्या पुढचे आहेत. उत्सव पार पडला की त्यांच्यापैकी काहीजण ताप-खोकल्याने आठवडाभर अंथरुणास खिळतात, हे आम्ही दरवर्षी पाहतो. २०२०-२१ च्या महामारीनंतर घरोघरी 'प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या' चूर्णांची, रसांची आणि गोळ्यांची रांग लागली. बाटलीवर खर्च होतो; मात्र डाळ, भाजी, झोप, रक्तातील साखर आणि लस या पाच गोष्टींकडे दुर्लक्ष होते. खरे काम याच पाच गोष्टी करतात, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. येथील माहिती सर्वसामान्य स्वरूपाची असून ज्यांना काही आजार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदल करावेत.

प्रतिकारशक्ती म्हणजे काय

आपली त्वचा, नाक व घशातील ओलसर अस्तर, जठरातील आम्ल ही शरीराची पहिली तटबंदी होय. ती ओलांडून जंतू आत शिरलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी त्याच्यावर धावून जातात. त्यांपैकी काही पेशी कोणताही परका जंतू दिसताच तो गिळतात. काही पेशी विशिष्ट जंतू ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि त्या जंतूची स्मृती पुढे वर्षानुवर्षे जपून ठेवतात. लस याच स्मृतीचा उपयोग करून घेते. या पेशी मुख्यतः अस्थिमज्जेत जन्माला येतात, प्लीहा आणि लसिकाग्रंथींत त्यांचा वावर असतो. त्यांचे आयुष्य तुटपुंजे असल्याने शरीराला त्या सतत नव्याने घडवाव्या लागतात, आणि घडविण्यासाठी लागणारा कच्चा माल आपल्या ताटातूनच येतो.

ही शक्ती 'वाढवावी' असे सर्रास म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. प्रतिकारयंत्रणा भलतीकडेच किंवा गरजेपेक्षा जास्त चेतली तर तोही आजारच असतो. आमवातात ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते, तर ॲलर्जीत परागकणासारख्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते. तेव्हा ही शक्ती सक्षम राखणे, तिला उपाशी न ठेवणे आणि तिच्या मार्गातील अडथळे दूर करणे, एवढेच आपल्या हाती आहे.

आपल्या पूर्वसूरींनीही या विषयाचा विचार केला होता. चरकसंहितेत रोगाला तोंड देण्याच्या या क्षमतेस व्याधिक्षमत्व म्हटले आहे, आणि बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जन्मतः लाभते ते सहज बल, ऋतू आणि वय यांच्या अधीन असते ते कालज बल, आणि आहार-विहाराच्या योग्य योजनेने मिळवावयाचे ते युक्तिकृत बल. पहिल्या दोहोंवर आपला इलाज चालत नाही. या लेखाचा विषय तिसरे बल हा आहे.

पुरुषांचा वेगळा विचार कशासाठी

स्त्रियांची प्रतिकारयंत्रणा सर्वसाधारणपणे पुरुषांच्या यंत्रणेपेक्षा अधिक जोरकस प्रतिसाद देते. प्रतिकाराशी संबंधित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि स्त्रियांत ही गुणसूत्रे दोन असतात. शिवाय पुरुषांतील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रतिकाराचा वेग काहीसा मंदावते. याची दुसरी बाजू अशी की, स्वतःच्याच शरीरावर उलटणारे आजार स्त्रियांत अधिक आढळतात. संसर्गजन्य आजारांत मात्र पुरुषांची बाजू लंगडी पडते. कोविडच्या साथीत पुरुषांचे मृत्यू अधिक झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ साली जगभरात क्षयरोगाने आजारी पडलेल्यांपैकी ५५ टक्के प्रौढ पुरुष, ३३ टक्के प्रौढ स्त्रिया आणि उरलेली मुले होती.

परंतु सगळा भार निसर्गावर टाकून मोकळे होता येणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील ४२.४ टक्के प्रौढ पुरुष तंबाखूचे सेवन करीत असल्याचे दिसून आले. स्त्रियांत हेच प्रमाण १४.२ टक्के होते. दवाखान्यात जाण्यास टाळाटाळ करणे हीही पुरुषांची जुनी खोड. घरातील मंडळींनी तीनदा सांगितल्याशिवाय आपण रक्त तपासावयास जात नाही, हे कबूल करावयास हरकत नसावी.

आहार : ताटातील डाळ

आहाराचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध किती प्रत्यक्ष आहे याचा उत्तम पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. झारखंडातील चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एका गटातील कुटुंबीयांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दुसऱ्या गटात शिधा केवळ रुग्णास मिळाला. ज्यांना शिधा मिळाला त्या कुटुंबीयांत पुढे क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. ज्या घरात रुग्ण खोकत आहे त्याच घरात राहून हा फरक पडला. यात ना दुर्मीळ वनस्पती होती, ना महागडे रसायन. मुख्य भाग डाळ-तांदळाचाच होता. आमच्या मते आहारविषयक सगळ्या जाहिरातींवर हा एक अभ्यास भारी आहे.

ते लोक गरीब होते, आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत, असे कोणी म्हणेल. म्हणून एक ढोबळ हिशेब येथे देतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलो वजनाच्या पुरुषास याप्रमाणे रोज सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने हवीत. आता आपले नेहमीचे शाकाहारी ताट पाहू. सकाळी पोहे, त्यातून ४ ग्रॅम. दोन्ही वेळचे मिळून पातळ वरण, ७ ग्रॅम. दिवसभरात सहा पोळ्या, १८ ग्रॅम. थोडा भात, ५ ग्रॅम. चहातील दूध, ५ ग्रॅम. बेरीज चाळिशीच्या आतच राहते. पोट भरलेले असते, वजनही वाढत असते, आणि तरीही प्रतिपिंडे ज्या प्रथिनांची बनतात तीच अपुरी पडतात.

उपाय अवघड नाही. वरण घट्ट करावे. रोज एक वाटी मोड आलेल्या मटकीची, मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ असावी, एक वाटी दही असावे आणि दुपारच्या चहाबरोबर कचोरीऐवजी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे घ्यावेत. एवढ्याने पंधरा-सतरा ग्रॅमांची भर पडते. पोळी-भातातील प्रथिनांत जे घटक कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी असतात ते धान्यात, म्हणून दोन्ही एकत्र खाण्याची आपली पद्धत शास्त्रशुद्ध आहे. कडधान्यांना मोड आणल्याने किंवा पीठ आंबविल्याने त्यांतील जस्त आणि लोह शरीरास अधिक सुलभतेने मिळते. जे अंडी-मासे खातात त्यांना हा हिशेब जुळविणे सोपे जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याविना प्रथिने वाढवू नयेत.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. पोळीबरोबर चमचाभर भाजी तोंडी लावणाऱ्यास हे प्रमाण फार वाटेल. पण हिवाळ्यात आपल्या माळव्यात मेथी, पालक, बथुआ, मुळा, गाजर, मटार यांची काय रेलचेल असते! क जीवनसत्त्वासाठी परदेशी फळांची गरज नाही. प्रौढ पुरुषास ते रोज ८० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. कार्तिकातील आवळीभोजन आपण श्रद्धेने करतो. तो आवळा पुढे हिवाळाभर ताटात असावा. मुरंब्यातील साखरेचा मात्र विचार करावा. एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही; नियमित घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर ओसरते इतकेच.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीस ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते आणि पुष्कळदा अपुरे पडते. हातापायांस मुंग्या येणे, थकवा, विसरभोळेपणा अशी लक्षणे असल्यास तपासणी करून घ्यावी. ड जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडल्याने तयार होते. शहरातील माणूस घर, वाहन आणि कचेरी यांतच दिवस घालवितो, त्यामुळे भरपूर ऊन असलेल्या देशात त्याची उणीव सर्रास आढळते. साठ हजार एककांची पुडी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही महिनोन्‌महिने घेत राहणे धोक्याचे आहे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि मूत्रपिंडास इजा होते.

इंदूरच्या खाण्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. सकाळी पोहे-जिलेबी, प्रत्येक पदार्थावर शेव, हिवाळ्यात तळलेला गराडू आणि रात्री दहानंतर सराफा. या शहराचा हा लौकिक आहे आणि आम्हीही त्याचे चाहते आहोत. पण पाहुणे आल्यावर सराफ्यात जाणे निराळे आणि आठवड्यातून चार रात्री जाणे निराळे. तेल, मीठ आणि साखर यांचा प्रश्न आहेच. त्याशिवाय उशिरा जड खाल्ल्याने झोपेचे खोबरे होते, आणि झोपेचे महत्त्व पुढे यावयाचे आहे.

उपवास आणि फराळ

उपवासाच्या दिवशी आपल्या घरांत साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे आणि बटाट्याचा फरियाली चिवडा यांचे राज्य असते. साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्ट पदार्थ आहे. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसते. मधुमेही व्यक्तीची साखर तो झपाट्याने वाढवितो. महिन्यातील दोन एकादश्या, चतुर्थी, सोमवार किंवा गुरुवार असे उपवास धरले तर वर्षाचे कितीतरी दिवस असेच जातात. उपवासास चालणाऱ्या पदार्थांतच उत्तम पर्याय आहेत. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, शिंगाडा, दही, ताक, रताळे आणि फळे आहेतच. ज्यांना इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी निरंकार उपवास डॉक्टरांस विचारल्याविना करू नये. साखर एकाएकी उतरून शुद्ध हरपण्याचा धोका असतो. प्रसादाविषयीही सांगावयाचे, तर तो कणभर घेतला तरी पुरेसा असतो. द्रोणभर शिरा दोनदा घेण्याने पुण्य दुप्पट होत नाही.

मधुमेह, तंबाखू आणि मद्य

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत. हा आजार हृदय आणि मूत्रपिंडाचा म्हणून ओळखला जातो, परंतु तो प्रतिकारशक्तीचाही आजार आहे. रक्तात साखर सतत चढी असली की पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत पोहोचण्यात आणि त्याला मारण्यात मंद होतात. जखमा चिघळतात, लघवीचे आणि त्वचेचे संसर्ग वारंवार होतात, क्षयाचा धोका वाढतो. २०२१ साली काळ्या बुरशीने जे थैमान घातले त्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही दोन कारणे ठळक होती. म्हणून चाळिशीनंतर प्रत्येक पुरुषाने वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी करावी. घरच्या घरी करावयाची तपासणी म्हणजे कमरेचे माप. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोक्याची घंटा समजावी.

धूम्रपानाने श्वासनलिकेतील जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होतात, आणि क्षयाचा धोका दुपटीहून अधिक होतो. मळलेली तंबाखू आणि गुटखा तोंडाचे अस्तर, म्हणजे तीच पहिली तटबंदी, पोखरतात. ओसरीवर बसून चिमूट पुढे करणे हे आपल्याकडे स्नेहाचे लक्षण मानले जाते. मंदिराच्या आवारात तरी हा स्नेह नको, अशी आमची हात जोडून विनंती आहे. मद्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे की सुरक्षित म्हणावे असे त्याचे कोणतेही प्रमाण नाही.

झोप आणि वीणेचा पहारा

२०१५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात १६४ निरोगी स्वयंसेवकांच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवली गेली आणि नंतर त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडण्यात आले. जे सात तासांहून अधिक झोपत होते त्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली. अपुऱ्या झोपेत घेतलेल्या लशीचा परिणामही कमी होतो, असे इतर अभ्यासांत दिसले आहे. प्रौढ माणसास किमान सात तास झोप हवी.

आता आपल्या अखंड हरिनाम सप्ताहाकडे पाहू. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, त्यामुळे रात्रीचे पहारे आलेच. माणसे कमी पडतात म्हणून तीच ती मंडळी रात्रीमागून रात्री उभी राहतात, दिवसा दुकान किंवा नोकरी सांभाळतात, गर्दीत वावरतात आणि काल्याच्या दुसऱ्या दिवशी आजारी पडतात. सेवेचा उत्साह आम्हास वंद्य आहे. तथापि विश्वस्त मंडळाने असे ठरविले आहे की आगामी सप्ताहापासून रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेतील पहारा कोणाही एकास सलग दोन रात्री दिला जाणार नाही, आणि मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांना दिवसाचेच पहारे मिळतील. यासाठी तरुणांची गरज आहे. ज्यांची मुले पंचविशी-तिशीतील आहेत त्यांनी त्यांची नावे अवश्य द्यावीत.

व्यायामाबाबत फार लिहीत नाही. आठवड्यास किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, जसे सूर्यनमस्कार किंवा बैठका, एवढे पुरते. पहाटे काकड आरतीस पायी यावे, म्हणजे निम्मे काम होते.

काढे आणि चूर्णे

तुळस, सुंठ, दालचिनी, मिरी यांचा काढा किंवा हळदीचे दूध घशास आराम देते. ते बेताने घेण्यास आमचा विरोध नाही. पण गुळवेलीचा रस वा चूर्ण महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेण्याविषयी सावध करावेसे वाटते. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतास इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता वर्तविली. वाद वैद्यांचा आहे. आपल्यासाठी तात्पर्य एवढेच की कुंपणावरची वेल ओळखता येत नसेल तर ती वाटून पिऊ नये, आणि जे घ्यावयाचे ते वैद्यांच्या देखरेखीखाली घ्यावे. साध्या सर्दी-तापावर औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही.

पुरुषांचे राहून गेलेले लसीकरण

स्त्रियांना गरोदरपणी धनुर्वाताची लस आवर्जून दिली जाते. पुरुषांना शाळकरी वयानंतर ती खिळा रुतला किंवा अपघात झाला तरच मिळते. मांडवाचे बांबू आणि खिळे हाताळणाऱ्या आपल्या सेवेकऱ्यांपैकी किती जणांना शेवटची लस केव्हा घेतली ते सांगता येईल? धनुर्वात-घटसर्पाची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते. आपल्या देशात ही साथ जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात बळावते. मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी न्यूमोनियाच्या लशीविषयी विचारावे. पन्नाशीनंतर नागिणीवरची लस २०२३ पासून भारतात उपलब्ध आहे. ती महाग आहे, पण नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदना ज्यांनी भोगल्या त्यांना तिचे मोल सांगावे लागत नाही.

शेवटी एक सूचना. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, कारणाविना घटणारे वजन, किंवा वारंवार होणारा संसर्ग यांपैकी काहीही असल्यास काढ्यावर वेळ दवडू नये. क्षयाची थुंकी-तपासणी आणि उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णास पोषणासाठी मिळणारी रक्कम दरमहा ५०० वरून १००० रुपये करण्यात आली आहे. सप्ताहाच्या पहाऱ्यासाठी नावे कार्यालयातील वहीत लिहिताना वय, चालू औषधे आणि धनुर्वाताची लस घेतल्याचे वर्ष यांची नोंद प्रत्येकाने करावी.

विश्वस्त मंडळाच्या वतीने,
सचिव